कर्ज मिटलं, आता सिबिलचं काय? सेटलमेंटनंतरच्या उधारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, गाडीचं कर्ज असं काहीतरी थकलं, मग बँकेशी तडजोड झाली, ठरलेली रक्कम एकदम किंवा हप्ते बांधून भरली आणि आता मोकळे झालात, अशांसाठी ही उत्तरं आहेत. सिबिल म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी, तिचा रिपोर्ट आणि त्यावरचा स्कोअर बघून बँका कर्ज द्यायचं की नाही ठरवतात. कर्ज अजून थकीतच असेल तर आधी ते मिटवायचं बघा. आणि आधीच सांगून ठेवतो, "३० दिवसांत स्कोअर ७५०" असलं काही इथे मिळणार नाही.

शेवटचा हप्ता परवाच भरला. आता सगळ्यात आधी काय करू?

कागद गोळा करा. स्कोअर, नवीन कार्ड, ते सगळं नंतर.

तीन गोष्टी हातात पाहिजेत: बँकेच्या लेटरहेडवरचं सेटलमेंट लेटर, भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती किंवा स्टेटमेंटमधली नोंद, आणि शेवटचं नो ड्यूज म्हणजे आपण ज्याला बेबाकी दाखला म्हणतो तो. दाखल्यावर तुमचा खाते नंबर बरोबर आहे का आणि "या खात्यावर आता काहीही येणं बाकी नाही" अशा अर्थाचं वाक्य आहे का ते तिथेच उभं राहून वाचा. रिकव्हरीवाल्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला "सर आपका हो गया" हा दाखला नाही. तो माणूस चार महिन्यांनी दुसऱ्या एजन्सीत असतो आणि त्याचा नंबर बंद.

गाडी असेल तर एनओसीबरोबर फॉर्म ३५ घ्या आणि आरटीओत जाऊन आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवा, हे लोक हमखास विसरतात आणि गाडी विकायला काढल्यावर धावाधाव करतात. शेत तारण असेल तर बँकेचं पत्र तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घ्या आणि नवा उतारा काढून बघा. घराची मूळ कागदपत्रं बँकेत असतील तर पूर्ण फेड किंवा सेटलमेंट झाल्यापासून ३० दिवसांत ती परत द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासून, आणि उशीर बँकेमुळे झाला तर तिने तुम्हाला दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची. शाखेत हे नुसतं बोलून दाखवलं तरी बऱ्याचदा फाईल सापडते.

पैसे तर भरले, मग रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' का? 'क्लोज्ड' का नाही?

कारण सगळे भरले नाहीत. समजा कार्डवर व्याज-दंड धरून १,४२,००० थकले होते आणि बँक ६०,००० वर तयार झाली. तुमच्या दृष्टीने विषय संपला, पण बँकेच्या वहीत ८२,००० सोडून द्यावे लागले आणि ते ती लिहून ठेवणारच. पुढचा सावकार रिपोर्ट उघडतो तेव्हा त्याला तेच दिसतं, की या माणसाकडून पूर्ण वसुली झाली नाही.

बँकेने काही सोडलं नाही, फक्त मुदत वाढवली, हप्ता कमी केला आणि तुम्ही पै न् पै भरली असेल तर गोष्ट वेगळी. ते रिस्ट्रक्चरिंग. तिथे शेवटी खातं क्लोज्डच दिसायला पाहिजे, मधल्या काळातले उशीर तेवढे दिसत राहतील. तुमचं नक्की काय झालं होतं ते लेटर काढून बघा, बऱ्याच जणांना स्वतःलाच माहीत नसतं. लोकअदालतीत मिटवलं असेल तरी हाच हिशोब, रक्कम सोडली असेल तर सेटल्ड.

मग राहिलेली रक्कम आता भरून 'क्लोज्ड' करून घेता येतं का?

बऱ्याच बँका करतात. पण आधी लेखी घ्या, की इतके भरल्यावर सिबिलसारख्या क्रेडिट कंपन्यांकडे खातं क्लोज्ड म्हणून कळवू. लेखी नाही तर एक रुपया पण नाही.

करावं का हा खरा प्रश्न. फरक पाच-दहा हजारांचा असेल आणि दोन वर्षांत होम लोन घ्यायचंच असेल तर डोळे मिटून भरा. वरच्या उदाहरणातले ८२,००० असतील आणि ते भरायला पुन्हा कुणाकडून हातउसने घ्यावे लागणार असतील तर अजिबात नको, तेवढे पैसे तुमच्याकडे एफडीत असणं हे त्या एका शब्दापेक्षा जास्त कामाचं आहे.

रिपोर्ट कुठून काढायचा? आपणच बघितला तर स्कोअर पडतो म्हणतात?

नाही पडत. तुम्ही स्वतःचा बघणं वेगळं आणि कर्जासाठी अर्ज केल्यावर बँकेने बघणं वेगळं. बँकेने बघितलं की त्याची एन्क्वायरी म्हणून नोंद होते आणि अशा एन्क्वायऱ्या थोड्या दिवसांत भरपूर झाल्या की स्कोअर खाली येतो.

आपण सगळ्याला सिबिल म्हणतो पण भारतात अशा चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट द्यायचा असतो, म्हणजे चारही मिळून वर्षाला चार. दर तीन महिन्यांनी एकेकीचा काढला की वर्षभर लक्ष राहतं. चौघींचे आकडे एकसारखे नसतात, त्याने घाबरू नका. फक्त त्यांच्याच वेबसाईटवरून काढा, "फ्री सिबिल चेक" म्हणणारी अर्धी अॅप्स तुमचा नंबर लोन विकणाऱ्यांना देण्यासाठीच असतात.

रिपोर्ट उघडला, पण सतरा पानं आहेत. बघायचं काय?

आकडा सोडा. खाली स्क्रोल करून मिटवलेल्या खात्यावर या. तिथे चालू बाकी म्हणजे करंट बॅलन्स शून्य आहे का, थकीत रक्कम शून्य आहे का, आणि बंद झाल्याची तारीख आहे का. मग स्टेटस. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने कर्ज बुडीत धरल्याचा शेरा अजून तसाच असेल तर बँकेने सेटलमेंट कळवलेलीच नाही, आणि ते सेटल्डपेक्षा वाईट.

त्याखाली महिन्यांची छोट्या चौकोनांची रांग असते, तीन वर्षांची. चौकोनात ००० किंवा एसटीडी म्हणजे वेळेवर. ०३० म्हणजे त्या महिन्यात ३० दिवस उशीर. ९० दिवसांच्या पुढे गेलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशोबात थकीत कर्ज. तुम्ही मार्चमध्ये मिटवलं आणि जूनच्या चौकोनातही उशीर चढतोय असं दिसलं तर ती चूक आहे, सोडू नका. जुने खराब चौकोन मात्र खरे असतील तर तसेच राहणार, नवीन महिने पुढून भरत जातात तसे ते मागे सरकतात. सगळा उपाय एवढाच आहे खरं तर.

बाकी, तुम्ही कधी न घेतलेलं कर्ज तुमच्या नावावर दिसतंय का तेही बघा. नावसाधर्म्यामुळे होतं, आणि पॅनचा गैरवापर झाला तरी होतं.

चूक आहे. बँकेत गेलो तर म्हणतात सिबिलला सांगा, सिबिल म्हणतं बँकेला सांगा.

हे टोलवाटोलवीचं दुकान जुनं आहे. क्रेडिट कंपनी स्वतःच्या मनाने काही बदलू शकत नाही, बँकेने दुरुस्ती पाठवावी लागते. म्हणून तक्रार दोन्हीकडे, एकाच दिवशी. कंपनीच्या वेबसाईटवर डिस्प्युट टाका, ते फुकट असतं, आणि बँकेला ईमेल करा, सोबत सेटलमेंट लेटर आणि नो ड्यूज जोडून. फोनवर काही करू नका, फोनचा पुरावा राहत नाही.

३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पैसे फार नाहीत, पण ईमेलमध्ये ही तारीख लिहिली की समोरच्याला कळतं की हा माणूस सोडणार नाही. तरी हललं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करा, वकील लागत नाही, फी नाही.

नुकतंच भरलं असेल तर मात्र महिनाभर थांबा. बँका आधी महिन्यातून एकदा माहिती पाठवायच्या, जानेवारी २०२५ पासून पंधरवड्याला पाठवायचा नियम आला, तरी रिपोर्टवर चढायला थोडा वेळ जातो.

सात वर्षं कुणी कर्जच देत नाही, खरं का?

अर्धवट खरं. क्रेडिट कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं ठेवायची असा नियम आहे, त्यावरून हे निघालं. माहिती असणं म्हणजे बंदी असणं नव्हे.

बंदीसारखं जे आहे ते वेगळं. जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला बँकेने किमान १२ महिने नवीन कर्ज द्यायचं नाही, शेतीकर्ज सोडून, आणि बँक स्वतः ही मुदत वाढवू शकते. म्हणून ज्या बँकेशी मिटवलं तिथेच पहिल्या वर्षी जाऊन अर्ज टाकू नका, नकार ठरलेला आणि एन्क्वायरीची नोंद फुकट. बाकीच्या बँका काय करतील हे ज्याच्या त्याच्या धोरणावर.

ठीक आहे, मग पहिलं कर्ज कुठलं घेऊ?

ज्याची तुम्हाला गरज नाही ते. ऐकायला विचित्र वाटेल पण सेटलमेंटनंतरची पहिली उधारी ही पैशांसाठी नसतेच, रिपोर्टमध्ये वेळेवरचे चौकोन भरायला असते. गरज असताना घेतलेलं कर्ज थकायची शक्यता जास्त आणि आता एक जरी हप्ता चुकला तर आधीचं सगळं पुन्हा ताजं होतं.

माझ्या मते सगळ्यात सोपं म्हणजे एफडीवरचं क्रेडिट कार्ड. समजा २५,००० ची एफडी केली, बँक त्यावर साधारण ८० टक्के म्हणजे २०,००० ची लिमिट देते, बँकेप्रमाणे कमीजास्त. एफडीवर व्याज चालूच राहतं. तारण असल्यामुळे स्कोअर कमी असला तरी सहसा मिळतं. पण घेण्याआधी विचारा की हे कार्ड चारही कंपन्यांकडे रिपोर्ट होतं का.

मग त्यावर काय करायचं? घरचं लाईट बिल, गॅस, मोबाईल रिचार्ज, एवढंच. २०,००० च्या लिमिटवर महिन्याला चार-पाच हजार, सहाच्या वर नको, म्हणजे तीस टक्क्यांच्या आत. खर्च केला की तेवढेच पैसे दुसऱ्या खात्यात बाजूला काढा. बिल आलं की पूर्ण भरा. पूर्ण म्हणजे टोटल ड्यू. त्याच्या शेजारी जो मिनिमम ड्यूचा छोटासा आकडा असतो ना, तो भरला तर उशीर लागत नाही पण उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू होतं, वर्षाचे बेचाळीस झाले, बहुतेकांची आधीची गाडी तिथूनच घसरलेली असते. ऑटो डेबिट टोटल ड्यूला लावा, आणि पगार खात्यात जमा होण्याच्या दोन-तीन दिवसांनंतर ड्यू डेट येईल अशी बिलाची तारीख बदलून मागा, बँका देतात. एटीएममधून या कार्डावर पैसे काढायचे नाहीत, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज.

असं वर्षभर. मग लिमिट वाढवून देतो म्हणून फोन येईल. त्याला नाही म्हणता येतं.

सोनं तारण ठेवून घेतलं तर सिबिल सुधारतं का?

सोनेतारण कर्ज रिपोर्टमध्ये येतं, म्हणजे वेळेवर फेडलं तर फायदा. स्कोअर कमी असला तरी मिळतं कारण सोनं त्यांच्या तिजोरीत. पण मी फक्त सिबिलसाठी हे कुणाला सांगत नाही. यात बऱ्याचदा दर महिन्याला हप्ता नसतो, वर्षाने मुद्दल-व्याज एकदम भरायचं असतं, आणि ज्याला हप्त्याची सवय लावायची आहे त्याला असं कर्ज म्हणजे वर्षभर झोप आणि बाराव्या महिन्यात घाम. मग नुसतं व्याज भरून रिन्यू, पुन्हा रिन्यू, शेवटी लिलावाची नोटीस. घ्यायचंच असेल तर मासिक हप्त्याचं मागा आणि पाटल्या नकोत, एखादं छोटं वेढणं ठेवा. आईचा किंवा बायकोचा दागिना तिला न सांगता ठेवायचा नाही हे वेगळं सांगायला नको.

भिशी, पतसंस्था यांचं वेळेवर भरलं तर मोजतात का?

भिशी नाही. ती कुठेच नोंदली जात नाही, चांगली चालली तरी आणि बुडाली तरी.

पतसंस्थेचं सांगता येत नाही, सगळ्याच संस्था सिबिलला माहिती पाठवतात असं नाही, मॅनेजरला सरळ विचारा. पण सिबिलला जात नाही म्हणून ते कर्ज हलकं समजू नका. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि मग तुमच्या पगारावर नाहीतर जामीनदाराच्या पगारावर जप्ती येते. गावात ते सिबिलपेक्षा महाग पडतं. खाजगी सावकाराकडे जायची वेळ आलीच तर परवाना आहे का बघा, आणि नसेल तर सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार होते, २०१४ चा महाराष्ट्राचा सावकारी कायदा त्यासाठीच आहे.

मोबाईलवर पाच मिनिटांत लोन मिळतंय, सिबिल पण बघत नाहीत. छोटंच आहे, घेऊ का?

नको. ५,००० मंजूर, फी कापून हातात ३,७००, सात दिवसांनी ५,००० परत. ३,७०० वर आठवड्याला १,३०० म्हणजे आठवड्याचे ३५ टक्के झाले. सावकार पण लाजेल.

नियमाने चालणारी अॅप्सही आहेत, नाही असं नाही. ओळखायचं असं: मागे कुठली बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली पण कर्ज देणारी नोंदणीकृत कंपनी) आहे ते नाव स्पष्ट लिहिलेलं असतं, पैसे थेट तिच्याकडून तुमच्या खात्यात येतात, सहीच्या आधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद मिळतो ज्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा दर म्हणजे एपीआर असतो, आणि ठरावीक दिवसांत दंड न भरता कर्ज परत करायची सोय असते. कॉन्टॅक्ट लिस्ट आणि फोटोंची परमिशन मागितली की अॅप काढून टाका. फोटो एडिट करून नातेवाईकांना पाठवायची धमकी आली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, अजून पैसे भरत बसू नका.

आणि ते शॉपिंग अॅपवरचं "आता घ्या नंतर भरा", तेही कर्जच असतं. ४०० रुपयांच्या चपलेचा उशीरसुद्धा रिपोर्टवर चढलेला असतो, त्या चौकोनात चप्पल लिहिलेली नसते.

एक एजंट १५,००० घेऊन 'सेटल्ड' काढून देतो म्हणतो.

खरी नोंद कुणीच काढून देऊ शकत नाही. चुकीची असेल तर ती तुम्ही घरी बसून फुकट काढू शकता. हे लोक तुमच्याच नावाने डिस्प्युट टाकतात, तेही तुमचा ओटीपी घेऊन, आणि एकदा पॅन, आधार, ओटीपी दिला की पुढे काय होईल ते सांगायला नको.

मित्राला जामीन राहिलो तर? आणि माझ्यामुळे बायकोचं सिबिल खराब होतं का?

जामीन राहिलात तर ते कर्ज तुमच्या रिपोर्टवर येतं, तो थकला की डाग तुम्हाला पण. निदान दोन-तीन वर्षं कुणालाही जामीन राहायचं नाही, सख्ख्या भावाला सुद्धा. "माझं स्वतःचं सिबिल खराब आहे, माझी सही बँक घेणार नाही" हे खरंही आहे आणि नात्यात वाईटपणाही येत नाही.

बायकोचं सिबिल तिच्या पॅनवर, तुमचं तुमच्या. लग्नामुळे काही जोडलं जात नाही. जुन्या कर्जात ती सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच. तुम्हाला मिळत नाही म्हणून तिच्या नावावर घेऊ, हा विचार मात्र जपून, फेडायचा पैसा त्याच घरातून येणार आहे.

हप्ता किती झेपेल हे कसं ठरवायचं?

बँक पगाराच्या चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत हप्ते चालवून घेते. तो बँकेचा हिशोब, तिला तुमच्या जूनमधल्या शाळेच्या फीशी आणि गणपतीत गावी जायच्या खर्चाशी देणंघेणं नाही. सेटलमेंटमधून आलेल्याने सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या पंचवीस टक्क्यांवर नेऊ नयेत असं माझं मत.

एक चाचणी सांगतो. ६,००० चा हप्ता घ्यायचा विचार असेल तर कर्ज घेण्याआधी सहा महिने ६,००० ची आरडी भरून बघा. जून आणि दिवाळी त्यात येऊ द्या. एकही महिना न चुकता जमलं तर हप्ता झेपेल, आणि ३६,००० हाताशी आहेत ते वेगळेच, सहा हप्त्यांची सोय झाली. तिसऱ्याच महिन्यात आरडी मोडावीशी वाटली तर कर्ज न घेताच उत्तर मिळालं.

होम लोन कधी मागू?

दोन-तीन वर्षं स्वच्छ चौकोन दिसल्याशिवाय नको, असं मी सांगेन. त्याआधीही काही हाउसिंग फायनान्स कंपन्या देतात पण दर चढा असतो, आणि वीस वर्षांच्या कर्जात एक-दोन टक्के म्हणजे लाखांचा फरक. घेतलंच तर फ्लोटिंग रेटचं म्हणजे बदलत्या व्याजदराचं घ्या, व्यक्तीला दिलेल्या फ्लोटिंग होम लोनवर मुदतीआधी फेडायचा दंड लागत नाही, त्यामुळे स्कोअर सुधारल्यावर दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर करता येतं.

अर्ज एका वेळी एकाच ठिकाणी टाका. आणि सेटलमेंट लपवू नका, त्यांच्या स्क्रीनवर ती तुमच्या आधी आलेली असते. नोकरी गेली होती, आजारपण होतं, धंदा बसला, जे असेल ते एका पानावर लिहून, जुना नो ड्यूज जोडून फाईलला लावा.

बँकेच्या परीक्षांची तयारी करतोय, सेटलमेंटमुळे नोकरी जाईल का?

बँकांच्या भरतीच्या जाहिरातीत चांगल्या क्रेडिट हिस्टरीची अट असते, जॉइनिंगच्या वेळी बघतात. जाहिरातीतलं ते कलम नीट वाचा आणि नो ड्यूज आत्ताच जपून ठेवा. इथे मात्र शक्य असेल तर उरलेली रक्कम भरून क्लोज्ड करून घ्यावं, वर ज्याला नको म्हटलं त्याला हा अपवाद.

सगळं मिटून आठ महिने झाले, तरी रिकव्हरीचे फोन येतात.

बहुतेक जुनी यादी दुसऱ्या एजन्सीकडे गेलेली असते, किंवा बँकेने ते खातं वसुली करणाऱ्या एआरसी कंपनीला विकलेलं असतं. फोनवर वाद घालू नका, "कुठल्या कंपनीकडून, कुठलं खातं, ईमेल आयडी द्या" एवढंच विचारा आणि त्या ईमेलवर नो ड्यूजची स्कॅन कॉपी पाठवा, बँकेच्या तक्रार कक्षाला सीसीत ठेवून. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीचा फोन करायला परवानगी नाही, तसा आला तर कॉल लॉगचा स्क्रीनशॉट त्याच ईमेलला जोडा. चुकूनही "हजार रुपये भरा, फाईल बंद करतो" याला बळी पडून काही भरू नका, काहीतरी देणं बाकी होतं हे तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं आणि मग तुमचं नाव यादीतून निघायचं सोडून वरच्या नंबरला जातं.